आधी पाणी

मंडळी, पेडण्यापासून म्हापशापर्यंतचे सरांचे विद्यार्थी आज डिचोलीत जमलात. मी सर्वणची सुनंदा. परब सरांच्या वर्गात मी कधी बसले नाही. तरी मला बोलायचंय.

दादा माझा आठवीत होता. सरांनी त्या दिवशी आम्ल आणि आम्लारी शिकवलं. जास्वंद चोळलेला कागद लिंबानं गुलाबी होतो, चुन्यानं हिरवा, आणि दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मोडतात. दादा घरी आला तो अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन. गणपतीची चवथ जवळ आलेली, आई भिंतीला चुना लावत होती. बालदी कलंडली आणि चुना माझ्या डाव्या डोळ्यात उडाला. दादानं धावत जाऊन लिंबू कापलं आणि डोळ्यात पिळलं. "सरांनीच शिकवलंय," म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मारायला हवं होतं, भरपूर, बराच वेळ. डोळा गेला.

सर घरी आले. मान खाली घालून आईला म्हणाले, "वयनी, घंटा झाली आणि मी धडा अर्धाच सोडून उठलो." आई म्हणाली, "बालदी माझी. तुमचो कसलो दोष, मास्तर?" त्यांनी ऐकलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं नाही.

पुढचं तुम्ही जाणता. प्रयोगशाळेत बाटलीला हात लावण्याआधी ते प्रत्येकाला डोळे धुवायला नळाखाली उभं करायचे. शाळेच्या नळावर स्वतः रंगानं लिहिलं, आधी पाणी. पाणीमास्तर म्हणून हसला होता ना तुम्ही? हसायचंच ते वय. आमच्याकडे दर चवथीला यायचे, ते माझ्या उजव्या बाजूनं, मला दिसतील असे. लिंबाचं सरबत पुढे केलं की म्हणायचे, "नको गो बाय." नेहमी तेच.

यंदा आजारपणामुळे ते आले नाहीत. आणि यंदाच, चवथीच्या तोंडावर, दादाची लेक ईशा तुळशीवृंदावनाला चुना लावत होती. डोळ्यात उडाला. मी सगळ्यांना हाका मारत सुटले. पोर मात्र कोणाला हाक न मारता नळाखाली गेली आणि पाणी सोडून उभी राहिली. डॉक्टरकडे पोचलो तरी केस निथळत होते. तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

तुला कोणी गो शिकवलं, मी विचारलं. "शाळेत नळावर लिहिलंय ना," म्हणाली.

हे सरांना सांगायचं होतं. फोनवर नको, ईशाला घेऊनच जाऊ म्हटलं. चवथ होऊ दे म्हटलं. मग पाहुणे आले, मग कापणी आली. मग ही बातमी आली. सर तो अर्धा धडा उरावर घेऊन गेले, मंडळी. तो कधीच पुरा झाला होता, आणि हे त्यांना सांगायला मी चार पावलं चालले नाही. ही हळहळ आता माझ्याबरोबरच जाणार.

ईशा, ये बाय, फोटोसमोर उभी राहा.

आपण सगळे उभं राहून थोडा वेळ शांत राहूया. तुम्ही डोळे मिटा. ईशा, तू मिटू नको. सरांना तुझे दोन्ही डोळे दिसू देत.