शेवट गोड करायचा नाही

त्या सकाळी मी शेगडी घासत होते. दूध तापवून झालं होतं, चादरी भिजत घातल्या होत्या, तेवढ्यात दार वाजलं... पण थांबा, आधी रीत पाळते. आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आमच्या हौशी नाटक मंडळाचे सभासद, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे दिग्दर्शक, म्हणजे माझे भाऊजी, सर्वांना नमस्कार.

तर दारात भाऊजी. माझे यजमान जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांनी लिहिलेलं संगीत नाटक तालमीत अडकलं होतं. ग्रीकांची जुनी कथा. गवयाची बायको मरते, तो तिला आणायला पाताळात जातो. तिथला राजा म्हणतो, ने, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघू नकोस. यजमानांनी त्याचं प्रहसन केलं. बायको वाटभर मागून गात विचारते, कुलूप लावलंत का, दिवा मालवलात का? शेवटी न राहवून तो वळतो. ती कायमची जाते.

आणि गवई कोण, तर आमचे केमिस्ट! ओळ विसरली की मान मागे, विंगेतून ओळी सांगणाऱ्या माझ्याकडे. वीस वर्षांची सवय. पहिल्याच कडव्याला वळायचे. पाताळाचा राजा झालेला शिंपी ओरडायचा, "अहो, बायको अजून निघालीसुद्धा नाही!" तुम्ही हसताय, आम्ही रडकुंडीला आलो होतो.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "शेवट बदलू. तिला घरी आणू. मग हा कधीही वळू दे. शिवाय लोक हसायला येतात."

"दोन तास हसतातच की."

"तुम्हाला बघवेल का पण?"

"मी प्रॉम्प्टर. मला बघायचं नसतं, वाचायचं असतं."

"हट्टी आहात."

"आहेच. एक दिवस द्या."

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर. ही कथा मी तीन पुस्तकांत वाचली, तिन्हींत ती जातेच. गेलेलं माणूस नाटकात परत आणून मी घरी कुठल्या तोंडाने गेले असते?

भाऊजींनी तो दिवस दिला. वाद न घालता दिला. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, प्रॉम्प्टरला प्रॉम्प्टर नसतो.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी माझं स्टूल विंगेतून उचललं, रंगमंचासमोर खाली मांडलं, सगळ्या ओळी समोरून दिल्या, आणि शेवटच्या ओळीला हात वर करून केमिस्टना मीच म्हणाले, "आता वळा."