पेरू कापायला चाकू

कळमनुरीहून हिंगोलीला निघालेल्या बसमध्ये पल्लवी खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर ग्यानोबा आणि केशरबाई हे म्हातारं जोडपं होतं. त्यांचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडत होतं.

“अवो, एक चाकू काढा की. पेरू कापते.”

“हे चाकू कापायसाठी न्हाईत.”

“मंग पिशवीत घेऊन काहून फिरून राहिले?”

“हिंगोलीच्या मास्तरला दाखवायचेत. त्यालाबी घडीच्या चाकूंचा नाद हाय. माझ्याजवळ एकवीस हायेत म्हणलं, तर त्याला खरं वाटंना.”

“एकवीसातला एक दिला तर काय बिघडंल?”

“हा शिंगाच्या मुठीचा, वला झाला की फुगतो. ह्या पितळी मुठीच्याचं पातं पोलादी हाय, रस लागला की काळा डाग पडतो.”

“आन् तो तिसरा?”

“तो उघडला की मिटत न्हाई.”

पल्लवीनं हसू लपवायला खिडकीकडं तोंड फिरवलं.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणत केशरबाईंनी कमरेची चंची सोडली. कटकन आवाज झाला आणि पेरूचा वास दरवळला.

“अगं, हा तर माझा लाकडी मुठीचा! दोन सालापासून हुडकून राहिलो मी. कुठं घावला तुला?”

“घावला न्हाई, मीच उचलला. कांदा, लिंबू, समदं याच्यानंच कापते.”

“लिंबू? आण इकडं!”

मागं बराच वेळ नुसता चाकू उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज येत राहिला.

“एकबी डाग न्हाई,” ग्यानोबा हळूच म्हणाले.

“न्हाईच पडणार. पेरू खा.”

“केशर, ह्याच्या पात्याला तेल कोणतं लावतीस गं?”