समोरच्या गाळ्यातली फुस्स

कारिओबांगी गाळेधारक संघाच्या अध्यक्षा माननीय श्रीमती न्याम्बुरा, प्रार्थनेने शुभारंभ करून देणारे आणि आपलं स्वच्छ सभागृह आज दुपारी आम्हां तेलकट हातांच्या माणसांच्या स्वाधीन करणारे पास्टर ओदेरो, आजचे सत्कारमूर्ती श्री. बेंजामिन मुसेम्बी, त्यांच्या शेजारी निळ्या पोशाखात बसलेल्या न्दुकूवहिनी, एल्डोरेटहून खास आलेले श्री. चेरुइयोत, ज्यांच्याविषयी मला पुढे बोलायचंच आहे, आणि मागून पिलावाचा वास येत असतानाही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, कोणाचा मान राहून गेला असेल तर तो दिला आहे असं समजून घ्यावं.

मी जोसफत मकोखा. माझा गाळा मुसेम्बींच्या बरोबर समोर. अध्यक्षा मला म्हणाल्या, "मकोखा, तुम्हीच बोला. त्यांना तुमच्याइतकं जवळचं कोणी नाही." आता जवळचं म्हणजे फुटपट्टी लावून म्हणत असाल, तर खरं आहे. मध्ये एक गटार आणि मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईची शेगडी, एवढंच अंतर.

निरोपाच्या प्रसंगी चांगलं बोलावं अशी रीत आहे. मीही ती पाळणार आहे. पण पास्टर समोर बसलेले आहेत, प्रार्थना नुकतीच झाली आहे, म्हणून खोटं बोलत नाही: मी या माणसावर जळलो आहे. थोडाथोडका नाही. सकाळी शटर वर करताना जळलो आहे, दुपारी चपाती खाताना जळलो आहे. आमची बायको म्हणते, "तुमच्या पोटात दुखायला लागलं की मला कळतं, मुसेम्बींच्या दारात कुठलं तरी खोकं उतरलंय."

आता तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास. आमच्या दोघांची सीएनसी मिलिंग मशीन एकाच कंटेनरमधून मोम्बासाला उतरली. एकच कंपनी, एकच रंग, जुळी भावंडं. कॉम्प्युटरवर आकडे घालायचे आणि मशीनने लोखंड कोरायचं. गल्लीत तोवर असं काही नव्हतं. त्यांच्याकडे पिठाच्या गिरण्यांच्या सुट्या भागांचं काम होतं, माझ्याकडे साबणाच्या साच्यांचं. गिऱ्हाइकं वेगळी, भांडणाचं कारण नाही. मग आग कुठून लागली? मशीनला वरून जे जे लावता येतं ना, त्यातून लागली. लग्नात मुलगी देऊन भागत नाही, पुढे वर्षानुवर्षं आहेर चालू राहतो. या मशीनचं तसंच आहे.

पहिल्यांदा कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवायचं पाणी. मी बापडा हातात प्लॅस्टिकची बाटली घेऊन टूलवर पाणी शिंपडत उभा असायचो. एक दिवस समोर बघतो तर पंप बसलेला! दुधासारखं पांढरं पाणी आपोआप धो धो पडतंय आणि मुसेम्बी स्टुलावर बसून चहा पितायत. मला तो चहा गेला नाही. म्हणजे त्यांचा चहा, त्रास मला. पुढच्या महिन्यात मी पंप बसवला.

मग त्यांनी मशीनला खोली बांधली. अक्षरशः खोली. पत्र्याची, वरपर्यंत बंद, समोर टेबलापुरती एका मोडलेल्या दुकानाची काच, वरचं डोकं पत्र्याआड. लोखंडाचा कीस उडायचा थांबला. माझ्याकडे मात्र तो कीस केसांत, चहात, एकदा तर मक्याच्या कणसात. कणसं भाजणारी बाई मला म्हणाली, "मकोखा, शिका जरा समोरच्यांकडून." शिका! माझ्या जखमेवर मीठ चोळायला तिला कणसावरचं मीठ पुरलं नाही.

मग फिरतं डोकं, ज्याला आम्ही चौथा अक्ष म्हणतो. त्यात काम पकडलं की ते गोल फिरतं आणि चारी बाजूंनी कोरता येतं. त्यांनी लहानसं आणलं. मी म्हटलं, आता मात्र मागे राहायचं नाही, मोठं आणायचं. माझा धाकटा भाऊ ग्वांगझूमध्ये असतो, त्याच्याकडून सगळ्यात मोठं मागवलं. चौघांनी उचलून टेबलावर ठेवलं. इतकं मोठं, की त्याच्यावर काम धरायला जागाच उरली नाही. टूल फिरवणारं स्पिंडल थेट त्याच्या डोक्यावर येऊन टेकलं. हसा, हसा. अध्यक्षाबाई, तुम्हीही हसा, रुमाल कशाला लावताय तोंडाला? मुसेम्बींनी दारात उभं राहून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "छान आहे. भक्कम आहे." त्या दोन शब्दांवर मला जेवण गेलं नाही.

दारात उभं राहून, हे मी मुद्दाम म्हणतोय. आपल्या गल्लीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मशीनवर काम चढलेलं असताना दुसऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही. गिऱ्हाइकाचा साचा म्हणजे गिऱ्हाइकाचं गुपित. त्यामुळे इतकी वर्षं मी त्यांचं मशीन पाहिलं ते काचेतून, गटाराच्या अलीकडून. आणि मुख्यतः ऐकलं.

आता त्या आवाजाकडे येतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं जळणं ते.

टूल बदलायचं कसं? आपल्या छोट्या मशीनवर स्टुलावर चढायचं, स्पिंडलच्या डोक्यावरच्या बोल्टला पाना लावायचा, सैल करायचा, हातोडीने ठक्‌कन ठोकायचं, खाली टूल सुटतं ते दुसऱ्या हातात झेलायचं, नवं घालायचं, पुन्हा आवळायचं. एका कामाला आठ टूल लागली तर आठदा हा कवायतीचा तास. पण वर हवेचा सिलिंडर बसवला की बटण दाबायचं. फुस्स! टूल हातात. पुन्हा फुस्स! नवं टूल घट्ट. आपल्या लहान गाळ्यांत ज्याला त्याला पहिलं स्वप्न पडतं ते या फुस्सचं. बाकी सगळं नंतर.

आणि एका सकाळी समोरून आवाज आला. फुस्स.

मी दारात येऊन उभा राहिलो. पुन्हा फुस्स. त्यापुढे मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. स्वच्छ, कोरडी, एका दमात येणारी फुस्स. मी त्या दिवशी गल्लीभर फिरलो. "ऐकलं का, मुसेम्बीने हवेचं बसवलं!" दुसऱ्याचं कौतुक करत फिरतो असं लोकांना वाटलं. मला ते पोटात मावत नव्हतं, एवढंच.

मग मीही बसवलं. भावाने पाठवलं, मी पैसे कुठून आणले ते बायको इथे असताना सांगत नाही. पहिल्या दिवशी शटर पूर्ण वर केलं आणि काही काम नसताना पाच-सहा वेळा फुस्स केलं. मुसेम्बी त्यांच्या दारात आले. कान देऊन ऐकलं. म्हणाले, "छान. जरा ओली वाटते."

ओली! कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येत होतं, हे त्यांना गटारापलीकडून कळलं. मी हवा सुकवायचं यंत्र आणलं. तरी माझी फुस्स त्यांच्यासारखी कधीच झाली नाही. माझी जराशी फरफटते. शेवटी तिला खोकल्यासारखं काहीतरी होतं. आणि त्यांची? काम सुरू असताना मी मोजत बसायचो. त्यांचं टूल माझ्या आधी बदलून व्हायचं. तेच मशीन, तीच हवा, मग माझ्याच नशिबी हे का?

मंडळी, आता मनातलं बोलतो. ईस्टरनंतर मुसेम्बींनी सांगितलं, "मी कितुईला निघालो. आंबे लावलेत, मधमाश्या आहेत, आता तिकडेच राहणार." मी त्याच दिवशी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "मशीन मला द्या."

म्हणाले, "नाही."

"किंमत सांगा."

"किमतीचा प्रश्न नाही, मकोखा."

"मग कशाचा आहे?"

"तुम्हाला द्यायचं नाही, एवढंच."

मी तीनदा गेलो. अध्यक्षाबाईंना मध्ये घातलं. बाई, तुम्ही साक्षीला आहात. शेवटी कळलं, मशीन चेरुइयोत यांना विकलं. हे एल्डोरेटचे, दुधाच्या यंत्रांचे भाग करणारे. सज्जन माणूस आहे, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण ते परके! मी समोरचा! उद्या ट्रक येणार आणि ती सुंदर फुस्स माझ्या डोळ्यांदेखत एल्डोरेटला जाणार. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात, शेजाऱ्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं. मला कारण मिळालं नाही. मी काय समजायचं? की मुसेम्बी मला कारागीरच मानत नाहीत. की इतकं चांगलं मशीन माझ्या हातात खराब होईल, असं त्यांना वाटतं. रात्री झोप लागत नाही मला या विचाराने. तेव्हा आज सगळ्यांसमोर, मान राखून, विचारतो: मुसेम्बी, मला का नाही?

चेरुइयोत, तुम्ही का हसताय? आणि वहिनी, तुम्ही? अळीमिळी गुपचिळी चाललीय का दोघांची?

उठू नका, मुसेम्बी, बसूनच बोला. माइकची वायर तिथवर येत नाही. मागच्यांना ऐकू जाणार नाही, मी सांगतो ते काय म्हणतात ते.

ते म्हणतात, वर काही नाहीच.

कशाच्या वर? मशीनच्या? काही नाही म्हणजे काय?

ते म्हणतात, सिलिंडर कधी बसवलाच नव्हता. नवं टूल घालण्याआधी भोक साफ असावं म्हणून ते हवेच्या नळीने फुंकर मारायचे. तीच ती फुस्स. टूल पान्यानेच बदलायचे. नंतर ठक् आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी लाकडाची हातोडी कोरली आहे. चेरुइयोत यांनी पत्र्याच्या आत डोकं घातलं तेव्हा त्यांना कळलं. वहिनींना पहिल्यापासून ठाऊक आहे. वहिनी म्हणतात, "भाऊजी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

थांबा. हसू नका. मला विचारू द्या. मुसेम्बी, मग मला सांगितलं का नाहीत?

ते म्हणतात... "तुम्हीच गल्लीभर सांगून आलात. संध्याकाळी अध्यक्षाबाईंनी अभिनंदन केलं, चहा पाजला, गरम तळलेली मंडाझी खाऊ घातली. मंडाझी खाऊन झाल्यावर नाही कसं म्हणायचं?"

बरं. पण नंतर खरं बसवायचं होतं! तुमच्याकडे काम कमी नव्हतं.

काय? जरा मोठ्याने बोला.

ते म्हणतात, "बसवणारच होतो. तेवढ्यात तुम्ही बसवलंत. तुमच्या मागून बसवू? त्यापेक्षा पाना बरा."

मंडळी, मला पाणी द्या जरा.

म्हणजे मी इकडे जळत होतो आणि हा माणूस तिकडे पत्र्याच्या खोलीत, दार लावून, पाना हातात घेऊन जळत होता. मला वाटायचं मी एकटाच. आणि म्हणून मशीन मला नाही. ते मान हलवतायत. ते म्हणतात, "तुम्ही घेतलं असतं तर पहिल्याच सकाळी वर हात घातला असता. मग तुम्ही ज्याच्यावर जळत आलात तो मुसेम्बी उरला नसता. तसा होऊन कितुईला जायचं नव्हतं मला."

मला वाईट वाटायला हवं का राग यायला हवा, ते ठरत नाही. खरं सांगू? बरं वाटलं. मला फक्त फुस्सच ऐकू यावी, म्हणून एक माणूस इतकी वर्षं लाकडी हातोडीने हळूच ठोकत होता. माझ्यासाठी एवढा त्रास आमच्या घरातही कोणी घेतलेला नाही. उद्या ट्रक गेला की समोरचा गाळा बंद. मग माझ्या मशीनला मी काहीही लावलं, टूलची फिरती चकती लावली, सोन्याचा नळ लावला, तरी दारात येऊन "ओली वाटते" म्हणणारं कोणी नाही. नुसत्या गिऱ्हाइकासाठी कोण मशीन सजवतं?

पण एक शेवटचा प्रश्न, मुसेम्बी. मी मोजलेलं आहे. तुमचं टूल माझ्या आधी बदलून व्हायचं. पान्याने?

ते हो म्हणतात. वहिनी म्हणतात, हात बघा त्यांचे.

पाहिले. आता हे भावाकडून मागवता येणार नाही. झालं, पुन्हा सुरू झालं पोटात. जाता जाता नवं देऊन चाललात.

अध्यक्षाबाई घड्याळ दाखवतायत, पिलाव निवतोय. तेव्हा अध्यक्षांचे, पास्टरांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आणि चेरुइयोत यांचेही मनापासून आभार. चेरुइयोत, मशीन जपून वापरा आणि वर लगेच काही बसवू नका, आधी पान्याने करून बघा. मुसेम्बी, वहिनी, कितुईचे आंबे गोड निघोत. माझ्या गावचे त्याहून गोड असतात, ते जाऊ द्या. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, प्रसंगाला न शोभणारं काही निघालं असेल, तर आपण सगळ्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. मुसेम्बींनी मात्र करू नये. त्यांनी केली, तर ते मनानेही माझ्याहून मोठे ठरतील, आणि तेवढं मला सहन होणार नाही.