मोट, मालक आणि सिनेमातली लंगडी

...तर ती पुन्यांदा पडली. तुमाला सांगते, लढाई संपल्यावर पहिल्यांदाच कोल्हारच्या बाजारात तंबू टाकून सिनेमा आला, त्यातली ती लंगडी बाई, उठली की पडायची, पडली की गायची, आन् गानं सरलं की रडायची... आदी डावा पाय ओढत हुती, मध्यंतर झाल्यावर उजवा! मी म्हनलं, बाई, कुठला तरी एक धर की. मी बत्तीस वर्सं लंगडते, मला इचार. पाय आखूड हाय माझा, बाकी समदं पुरं हाय.

शेवटाला काय, तर नवऱ्याच्या सुखाच्या आड येते म्हनून नदीत उडी. आता चुलीपतुर जायला जिला दोघांनी धरायचं, ती जीव द्यायला येवढा उंच कडा चढली, एकटी, गानं म्हनत, दम बी न लागता. तवा पाय बरा हुता व्हय? समदा तंबू हुंदके देतोय, मी हसतीया, बाया मागनं ढोसत्यात... आन् आमचे मालक? डोळं पुसून पुसून पटक्याचा शेमला भिजून पिळायला आलेला.

तिथंच माझा घात झाला. दुसऱ्या दिशी मी मोटंला बैलं जुपाय गेले, तर मालक आडवे आले. "तू बस. तुझ्या जिवाला लई कष्ट दिले मी." अवो, लग्न झाल्यापासनं मोट मीच हाकते, मोटंच्या नाड्यावर बसून धावंच्या उतारावरनं खाली यायला पायाचं काय काम? पाय आखूड हाय माझा, बाकी समदं पुरं हाय. पर ऐकतंय कोन? चार दिस मला बाजंवर बसवली. येनारी-जानारी म्हनायची, "नवरा बघा कसा देवमानूस." आन् देवमानसाच्या हाताखाली बैलं अर्ध्या धावंवर हुबी, मोट हिरीत लटकलेली, आन् माझा कांदा वाळून चाललेला...

पाचव्या दिशी उठले, आसूड हिसकला, म्हनलं, "व्हा बाजूला, न्हाईतर तुमालाच मोटंत घालून खाली सोडते." बैलांनी माझा आवाज ऐकला आन् सुटली की झराझरा. पाय आखूड हाय माझा, बाकी समदं पुरं हाय, हे त्या मुक्या जनावरांना कळतं, मालकांना न्हाई. दुपारपतुर कांदा भिजला. नाड्यावर बसून मी अशी गायले, अशी गायले... आन् पडले न्हाई, रडले न्हाई.

वाटलं, सुटले. तर ह्या बाजारी तंबूत आंधळीचा खेळ. दुसऱ्या दिशी सकाळीच बांगड्यावाली मुबारकबी दारात. तिला एका डोळ्यानं दिसत न्हाई, पर आजूबाजूच्या साऱ्या गावांतल्या बायांना बांगड्या भरते, एक फुटत न्हाई. म्हनली, "बायडाबाई, तुमच्या मालकांना, बन्सीभाऊला आवरा. फजरच्या नमाजापासून काठी घेऊन माझ्या दारात हुबे हैत. हात धरून बाजारात नेतो म्हनत्यात."

काय आवरू? म्हनलं, "चार दिस सोस, मुबारकबी. उतरंल."

पर तुमाला सांगते, पुढच्या बाजारी मुकीचा खेळ येनार हाय. आन् आमच्या गावात मुकी बाई एक बी न्हाई. मालक कालपासनं माझ्याकडंच आशेनं बघत्यात.