भैरोबाचा कौल

स्नेहल : तीन देव आणि तीन उत्तरं, आण्णा! तुमचा भैरोबा म्हणतो ऑपरेशन नको. गौसचाचांनी दर्ग्यातनं धागा आणला, तिथले बाबा म्हणाले बिनघोर करा. आणि मामा काल चर्चमधनं आला तो म्हणतो, प्रार्थनेनं ती बरी झालीय, आता चिरफाड कशाला? एकाच बाईच्या एकाच हृदयाबद्दल हे तिघंही खरे कसे असतील?

बाळासो : आवाज खाली कर. दवाखाना हाय ह्यो.

स्नेहल : म्हणून तर ओरडतेय! चार वाजता सर्जन निघणार. तोवर ह्या फॉर्मवर तुमची सही नसेल तर उद्याचा नंबर दुसऱ्याला. पुढची तारीख बारा दिवसांनी. आईच्या तीन नळ्या बंद आहेत. बारा दिवस कुणी बघितलेत?

बाळासो : मग तुझ्या आईनं करावी की सही.

स्नेहल : तिचं ऐकलंत ना आत? ‘ह्यांनी केली की मी करते.’ जन्मभर तिनं तुम्हाला विचारल्याशिवाय भाजी फोडणीला टाकली नाही.

बाळासो : आन् मी देवाला इचारल्याबिगर पेरा केला न्हाय. आमचं असंच चाललंय, आन् बरं चाललंय.

गौस : बाळू, च्या घे. गार व्हाय लागलाय.

बाळासो : नगं.

गौस : घे म्हणतो न्हवं! सकाळी माझ्या गाडीवर मागं बसून गावाकडं गेलास, आलास, पोटात पाण्याचा घोट न्हाय. तू आडवा झालास तर तुझी सही कोण करणार?

स्नेहल : चाचा, तुम्हीच सांगा. तुमच्या बाबांचं खरं की भैरोबाचं?

गौस : मला यात वढू नगंस, पोरी. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझी घरवाली मेहरुन्निसा आजारी हुती तवा तुझ्या आईनं आठ महिनं डबा धाडला. मला दुसरं काय येत न्हाय, म्हणून धागा आणला. उत्तर आणाय गेलतो व्हय मी?

बाळासो : ह्यो बघ, ह्यो शाणा. उत्तर आणाय मी गेलतो. भैरोबाच्या दोन्ही खांद्यांला वल्ल्या पाकळ्या लावल्या, गुरवानं गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर कर, डावी पडली तर नगं. डावी पडली. संपलं.

स्नेहल : संपलं कसं? पाकळी वाळली, जरा वारा आला, पडली. ह्यात देव कुठं आला?

बाळासो : वाऱ्यात.

स्नेहल : मग गाभाऱ्यात फॅन लावा की! दिवसभर कौलच कौल!

बाळासो : तोंड सांभाळ, स्नेहल! कॉलेजात फिजिक्स शिकवतीस म्हणून बापाला शिकवू नगंस. तुझ्या बारावीला कौल लावला, पास झालीस. वरच्या मळ्यात बोअर मारायची हुती, कौल लावला, अडीचशे फुटांवर पाणी लागलं. त्यो काय वारा हुता?

स्नेहल : आणि खालच्या मळ्यातली? तिथंही उजवाच होता ना? चारशे फूट गेलात आणि नुसता धुरळा. पाणी लागलेल्या बोअरी तेवढ्या तुमच्या ध्यानात राहतात.

बाळासो : तिथं माझीच कायतरी चूक झाली असंल. सोवळंबिवळं ऱ्हायलं असंल.

स्नेहल : हे बघा! बरोबर आलं तर देव, चुकलं तर तुम्ही. असं धरलं तर जगातला कुठलाही देव सिद्ध होतो. तुमचाही होतो, मामाचाही होतो, बाबांचाही होतो. मी देव नाही म्हणतच नाही, आण्णा. असू देत, हजार असू देत. पण तो खरंच बोलला हे ओळखायचं कसं, तेवढं एक सांगा. मी आत्ता गप्प बसते.

बाळासो : ज्याला ओळखायचं त्याला कळतंय.

स्नेहल : अरे देवा!

बाळासो : बघ. आलं की नाव तोंडात.

स्नेहल : वैताग आला म्हणून आलं! दुपारपासनं भिंतीशी बोलल्यासारखं झालंय मला. आत माझी आई आहे, आण्णा. वादविवाद स्पर्धेला नाही आले मी.

गौस : बास! बास करा दोघंबी. ही म्हणती दाखवा, तू म्हणतोस दावलं. मामाचा तिसराच सूर. आन् आत वहिनी एकटी पडून पंख्याकडं बघती. तिच्याजवळ कोण बसलंय? कोणबी न्हाय.

स्नेहल : चाचा, तुम्ही होता ना आज देवळात? डावी पाकळी पडताना तुम्ही बघितलीत?

गौस : मी... मी भाईर हुतो. चपलांपाशी.

स्नेहल : तुम्ही? चपलांपाशी? जत्रेत देवाच्या दिव्याला पहिलं तेल तुमच्या घरचं पडतं. गुरवमामा तुम्हाला कधी बाहेर बसू देतील?

गौस : च्या घे तू पण.

स्नेहल : नको मला चहा. चाचा, माझ्याकडं बघा.

गौस : बाळू, मी तुला शब्द दिलाय. पण ही पोरगी अशी समोर उभी ऱ्हायली तर मला जमायचं न्हाय. तू सांग, न्हायतर मी सांगतो.

बाळासो : गौस्या, गप ऱ्हा!

गौस : पडलीच न्हाय, स्नेहल. उजवीबी न्हाय आन् डावीबी न्हाय. नऊला लावल्या, बारा वाजले. गुरवानं तीनदा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या वाळून दगडालाच चिकटल्या. शेवटी गुरव म्हणला, देव आज बोलंना, उद्या या.

(आतून नर्स येऊन सही झाली का विचारून जाते.)

स्नेहल : आण्णा, मग डावा का सांगितलात?

बाळासो : मग काय सांगू? देव गप बसला म्हणून सांगू तुला? तू हसली असतीस.

स्नेहल : नसते हसले.

बाळासो : डावा दिला म्हणलं तर देव हाय तरी. रागावलाय, माझ्यावर उलटलाय, पर हाय. गप बसला म्हणलं, तर मी तीन तास कुणाम्होरं हात जोडून बसलो हुतो गं?

स्नेहल : दुपारपासनं मी हेच तर भांडतेय तुमच्याशी. आता तुमच्याच तोंडून ऐकवत नाही.

गौस : मेहरुन्निसाच्या टायमाला मीबी लई इचारलं अल्लाला. रोज, पाचीच्या पाची वेळा. काय उत्तर आलं न्हाय. ती गेली. दुसऱ्या दिवशी पहाटं मी नमाजाला गेलो.

स्नेहल : उत्तर आलं नाही तरी?

गौस : घरात बसवत नव्हतं. तिथं जाऊन बसलो की जरा बरं वाटायचं. तुझं ते सिद्धबिद्ध मला कळत न्हाय, पोरी. पण माझ्या नमाजावर मी डॉक्टरचा कागद आडवून ठेवला नसता, एवढं खरं.

बाळासो : किती वाजलं?

स्नेहल : पावणेचार.

बाळासो : डॉक्टर काय म्हणला? शंभरात किती वाचत्यात?

स्नेहल : सत्त्याण्णव.

बाळासो : आन् तीन?

स्नेहल : तीन नाही वाचत. खोटं कशाला सांगू?

बाळासो : ती त्या तिनात गेली तर? आजवर कायबी उलटं झालं की म्हणायचो, देवाची मर्जी. बोअर कोरडी गेली, देवाची मर्जी. म्हस मेली, देवाची मर्जी. रात्री झोप तरी लागायची. हितं कुणाची मर्जी? त्यानं न्हाय म्हणलं न्हाय, व्हय म्हणलं न्हाय. सही माझ्या एकट्याची. चुकलं तर मी ढकलू कुणावर?

स्नेहल : माझ्यावर.

बाळासो : काय?

स्नेहल : माझ्यावर ढकला, आण्णा. जन्मभर शिव्या द्या. मी ऐकून घेईन.

बाळासो : दे हिकडं त्यो कागद.