न चिरलेले देठ

नको नको ताई, त्या लाल बोटांसारख्या अळंब्यांना हात नका लावू — नुसत्या स्पर्शानं कातडी सोलवटते. थांबा, चिमट्यानं काढतो. पण खरं सांगू? या रंगीत अळंब्यांनी आमच्या गावात कुणाला फसवलं नाही, त्या लांबूनच ओरडून सांगतात. फसवते ती ही — तपकिरी, गरीब दिसणारी. चांदणी म्हणतो आम्ही. बुना झाडाच्या कुजक्या खोडावर येते, आणि खायची मुकिताके तिथंच, तिला खेटून. देठ उभा चिरायचा — हा बघा आत काळा डाग — की टाकून द्यायची. हो, एकूणएक चिरतो. लागू दे वेळ, बस यायचीय अजून.

तीस वर्षं झाली, दर शरदात इथं स्टेशनाबाहेर टेबल टाकून लोकांच्या अळंब्या तपासत बसतो. हा योनेझो बरं म्हणाला की गाव चूल पेटवतं. मग माणसाला वाटायला लागतं ना — आपल्याला कशाला चिरायला पाहिजे? सावावहिनी, माझी शेजारीण, दोन वर्षांमागं टोपली घेऊन आली. चारचौघं उभे. "चिरून बघा की भाऊजी," म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, लोणच्याला मीठ किती ते मी शिकवतो का तुम्हाला?" हसले सगळे. तीही हसली. मी वरवर हात फिरवला — झालं. वर टोपली मीच उचलून तिच्या दारापर्यंत पोचवली.

त्याच दुपारी रस्सा केला तिनं. तोकुजी, तिचा नवरा, आधी जेवला — पाच दिवस दवाखान्यात. वाचला, पण रया गेली माणसाची. बैठक बसली. गावप्रमुखांनी तिला विचारलं, "योनेझोनं बघितल्यावर तू आणखी काही टाकलंस का त्यात?" तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी आपला चहाच्या पेल्यात बघतोय. मग म्हणाली, "टाकल्या असतील. वाटेत दोन-चार वेचल्या होत्या." खोटं, ताई, खोटं! टोपली माझ्या हातात होती की! आणि मी काय केलं? मान हलवली. वर म्हणालो — "असं करू नये, वहिनी." हे बोललो मी. या तोंडानं.

जत्रेचं मोठं भांडं चाळीस वर्षं तिच्याच हातचं. आता हात लावू देत नाहीत. लांब बसून वाट्या पुसते. तोकुजी मला अजून वाकून नमस्कार करतो — म्हणजे त्यालाही सांगितलं नाही तिनं.

परवा आली. टोपली ठेवली, बसली. मी एकेक चिरली. लोक होते भोवती — म्हटलं, आत्ता सांगावं, मोठ्यांदा. आणि तोंडातून निघालं काय? "सगळ्या चांगल्या आहेत." एवढंच. तीही "बरं" म्हणाली आणि गेली.

तुम्हाला का सांगितलं? तुम्ही परगावच्या, म्हणून. दुसरं काय. तिच्या दाराशी जायला चार पावलं आहेत, ती पडत नाहीत, आणि इथं — नका, माझी समजूत नका घालू. या तीन फेकल्या, उरलेल्या बिनघोर खा. पैसे नकोत. बस लागली बघा. निघा. निघा म्हणतो ना!