लाल खूण घराकडची

– नाही, आधी तो तारेचा ब्रश खाली ठेव. ठेव म्हणते ना. त्या झाडाला हात लावलास तर मी काय करीन ते माझं मलाच ठाऊक नाही. बस. बाकावर बस, पाय दुखत असतील. पायवाटेच्या मंडळाचा माणूस म्हणजे काही चोर नव्हे, बस म्हटलं की बसतो, बोहूश तरी बसायचा. बोहूश म्हणजे माझा नवरा. तुला माहीत नसेल, तुम्हा नव्या पोरांना काय माहीत असतं. या नदीकाठची, या जंगलातली, पार वरच्या पडक्या गडापर्यंतची, चालणाऱ्यांना वाट दाखवणारी झाडावरची एकूण एक खूण त्यानं रंगवलीय. पांढरा पट्टा, मधे लाल, खाली परत पांढरा. आयुष्यभर, फुकटात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा रंगाचा डबा घेऊन गेला होता, मी शिडी धरली होती. आणि आता तू आलास, काय नाव म्हणालास – राडिम – तर राडिम, तू आलास माझ्या फाटकाजवळच्या लिंडनची साल खरवडायला. का, तर म्हणे मंडळानं ठराव केलाय.

माहितेय मला तुमचा ठराव. खालची गिरणी त्या प्रागवाल्यांनी घेतली, भोवती कुंपण घातलं, कुत्रं बांधलं, कारण शनिवार-रविवार त्यांना शांतता हवी. शांतता. आमच्या आज्या-पणज्यांपासून लोक त्या गिरणीच्या अंगणातून जातायत, ओट्यावर बसून भाकरी खातायत, कुणाची झोप मोडली नाही, आणि यांना चार माणसांच्या बुटांचा आवाज सोसत नाही. बरं, त्यांनी कुंपण घातलं – तुम्ही काय केलंत? माना डोलावल्या. वाट वळवू या. वाट काय तुमच्या तीर्थरूपांची आहे वळवायला? गडावरून डोंगराच्या धारेनं सरळ स्टेशनकडं न्यायची म्हणे, पलीकडच्या अंगाला. तिकडं काय आहे? डांबरी सडक आहे आणि पेट्रोलपंप आहे. नदी नको, जंगल नको, या, पेट्रोलपंप बघा. आणि हे ठरवताना त्या खोलीतल्या एकालाही वाटलं नाही की बोहूशला विचारावं. विचारलं असतंत तर – बरं, विचारलं नाहीत तेच बरं झालं, ते जाऊ दे.

ती बुख्टी खा. गोड पावात खसखस भरलीय, आजच केलीय. राग माझा तुझ्यावर आहे, बुख्टीवर नाही.

तू मला सांगतोयस, 'बाई, नकाशा बदलला की लोक नव्या वाटेनं जातील.' अरे, नकाशा बघतो कोण? आपली माणसं तुला माहीत नाहीत का? बायकोचं ऐकणार नाहीत, समोर रस्ता दिसत असला तरी डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाहीत, पण झाडावर रंगाचा ठिपका दिसला की चालले. तो वोंद्रा आहे ना, पलीकडच्या वळणावरचा, मोठ्या वादळात त्याच्या बांधावरचं झाड पडलं. त्यानं ओंडके करून अंगणात रचले, आणि वरच्याच ओंडक्यावर बोहूशची लाल खूण, अगदी रस्त्याकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी एक अख्खं कुटुंब – आई, बाप, पोरं, आजोबा – सरळ त्याच्या गोठ्यात. आणि गोठ्यात शिरल्यावरही मागं फिरेनात, आजोबा म्हणतात, गाईच्या मागं वाट असेल. वोंद्रा शिव्या घालतोय आणि ते त्याला 'आहोय', म्हणजे रामराम, करून पुढं चाललेत. बोहूश हसून हसून पडायच्या बेतात, पण मग संध्याकाळी जाऊन तो ओंडका स्वतः उलटा ठेवून आला. म्हणाला, क्वेता, खूण ही हसायची गोष्ट नाही, कोणीतरी तिच्या भरवशावर घर सोडून निघालेलं असतं.

दोन्ही अंगांनी रंगवायचा तो. जाणाऱ्याला दिसेल अशी एक आणि येणाऱ्याला दिसेल अशी एक. आणि येणाऱ्यासाठी जास्त काढायचा. म्हणायचा, परतणारा दमलेला असतो, त्याचं लक्ष नसतं, फाट्यावर बाण दिला तरी पुढं चार पावलांवर एक खूण लागतेच, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही घालता का तशी? नाही घालत. मी बघितलंय स्टेशनकडचं तुमचं काम. बाण काढता आणि पुढं माणूस मेला का जगला, काही देणंघेणं नाही.

भेटायचंय तुला त्याला? आता नाही भेटायचा. वर गेलाय, गडाकडं. रोज जातो सकाळी, अळंब्यांची करंडी घेऊन, जेवायच्या वेळेला परत. आणतो की अळंब्या. कधी अळंब्या आणतो, कधी देवदाराची बोंडं आणतो, कधी दगड – हो, दगड म्हणाले मी. काय झालं त्यात? माणसाला दगड आवडू नयेत? त्या गडाचे आहेत, जुने आहेत, लोक संग्रहालयात ठेवतात.

काय बघतोयस वाकून? दारात काय आहे? हो. ती खूणच आहे. चौकटीवर आहे, बरोबर दिसलं तुला. आणि आत गेलास तर बोळात पण आहे, आणि संडासाकडं बाण आहे, आणि पलंगाच्या डोक्याशी एक आहे. ती मी काढलीय. कड वाकडी आलीय, माहितेय मला, त्यानं बघितली तेव्हा म्हणाला, हे कुणा शिकाऊ माणसाचं काम आहे. हस. हसायचं असेल तर हसून घे. तुझी बायको पलंगाशी लाल खूण काढायला लागेल तेव्हा मी पण येईन हसायला.

डॉक्टरनं या दुखण्याला नाव दिलंय, ते मी या घरात घेत नाही. मला बोहूश 'बाई' म्हणतो. 'बाई, ही लाल वाट पुढं कुठं जाते हो?' मी म्हणते, इथंच संपते, आत सूप तयार आहे. मग टोपी काढतो, पाय पुसतो, बसतो, जेवतो, आणि वर मला म्हणतो, तुमची खानावळ छान आहे, मंडळाला कळवायला हवं. चाळीस वर्षं – जाऊ दे, किती ते मोजत नाही मी – आणि मी खानावळवाली. राग येतो मला. इतका राग येतो की भांडी आपटते. मग तो म्हणतो, बाई दमल्या असतील. पण येतो ना घरी. वाट त्याला येते. माझं तोंड विसरला, पोरीचं नाव विसरला, पण लाल खूण दिसली की पाय बरोबर पडतात, गडापर्यंत जातो, खुणेखुणेनं उतरतो, माझ्या लिंडनपाशी वळतो. पावसात रंग उडाला तर मी जाऊन परत लावते, कुणाला न सांगता. फाटकाचाच रंग आहे, लाल तो लाल.

आणि हे ब्रनोला कळता कामा नये. माझी मुलगी तिथं असते, रेनाता. तुझी तिची ओळख असेल-नसेल, तोंड उघडलंस तर याद राख. तिनं शहरातलं एक घर बघून ठेवलंय त्याच्यासाठी, स्वच्छ आहे, दारं आतून उघडत नाहीत. म्हणते, आई, तू त्याला एकट्याला सोडतेस, हा गुन्हा आहे. आयुष्यभर उघड्यावर चाललेल्या माणसाला कोंडून घालायचं, तो गुन्हा नाही. मी रात्री रडते, तो गुन्हा नाही. मला तो इथं हवाय. मला विसरलेला का असेना, माझ्या टेबलावर सूप पिताना हवाय. एवढंच आहे माझं म्हणणं, दुसरं काही नाही.

तर आता ऐक. नकाशात काय हवं ते छाप, प्रागवाल्यांना हार घाल, मला काही नको. फक्त गडापासून माझ्या फाटकापर्यंतच्या खुणा राहू देत. मंडळाला सांग, खरवडल्या म्हणून. खोटं बोलता येत नाही? शीक. मी या वयात शिकले. हे तुझं पहिलंच झाड आहे ना, अजून काही बिघडलेलं नाही, तू आपला ब्रश पिशवीत टाक आणि –

काय? मोठ्यानं बोल. शेवटचं झाड? शेवटचं म्हणजे काय, तू खालून, नदीवरच्या पुलाकडून आलास ना? गाडी कुठंय तुझी?

गडाच्या रस्त्याला.

म्हणजे तू वरून उतरत आलास. खरवडत. सगळ्या? दोन्ही अंगांच्या?

आणि वर, गडाच्या दाराशी, फाट्यावर नवा बाण काढलास. पलीकडं जाणारा. पुढं खुणा पण काढल्यास – हो, तू चांगला पोरगा आहेस, तू नेमक्या काढल्या असशील. म्हातारा भेटला? करंडीवाला, हिरव्या टोपीचा. भेटला. काय म्हणाला तुला? कड छान आलीय म्हणाला. म्हणणारच. मग? तुझा हात हातात घेतला, आणि मग कुठं गेला? राडिम, माझ्याकडं बघ, कुठं गेला?

बाणाकडं.

आणि तू बुख्टी खात बसलास. मी बसवलं तुला, मीच बसवलं. ती वाट स्टेशनपाशी संपत नाही रे, सडक ओलांडून पुढं जाते, पार सीमेपर्यंत लाल आहे. तो थांबणार नाही. दमला तरी थांबणार नाही, खूण आहे तोवर चालायचं, एवढंच उरलंय त्याच्यात.

ऊठ. नाही, हाका मारू नकोस त्याला, नाव कळत नाही त्याला स्वतःचं. पळत जाऊन त्याला गाठ, त्याच्या पुढं हो, आणि समोरच्या झाडावर बाण काढ, उलटा, इकडचा. मग मागं येत येत जिथं जिथं खरवडलंस तिथं खूण काढ, वाकडी आली तरी चालेल. रंगाचा डबा घे. मी येते – नाही, मी नाही येत, तो दुसरीकडून आला तर दारात कोणीतरी हवं. जा. माझ्याकडं काय बघतोयस, जा.